सगळ्या बाह्या डाव्या

हे मी सकाळी लिहिते आहे. दुपारी बसले तर वाक्य अर्ध्यातच सुटतं, आणि ते कुठे चाललं होतं ते मला सापडत नाही. सकाळचा चहा झाल्यापासून स्वयंपाकाची घाई सुरू होईपर्यंत माझं डोकं बरं चालतं. तेवढ्यात जे होईल ते. एका बैठकीत काही झालेलं नाही, त्यामुळे एखादी गोष्ट दोनदा आली असेल तर समजून घ्या.

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. डॉक्टर आणि आम्ही पेशंट त्याला एमएस म्हणतो. शरीर आपल्याच नसांवरचं आवरण खरवडून टाकतं, मग मेंदूचे निरोप अडखळत पोचतात. यापेक्षा जास्त माहिती मोबाइलवर मिळेल. कुणाचे पाय जातात, कुणाचे डोळे, कुणाचा तोल. या आजारात डोकंही मंदावतं, हे मात्र मला कित्येक वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. जे होत होतं ते आजारातलंच आहे हे माहीत नसेल तर विचारणार काय?

माझं नाव अर्चना, वय चव्वेचाळीस. माझे वडील वर्ध्याकडचे. फॅक्टरीत नोकरी लागली म्हणून जबलपूरला आले आणि इथलेच झाले. माझं शिक्षण, लग्न, सगळं इथेच. नवरा विलास सरकारी ऑफिसात आहे. एक मुलगी, मैत्रेयी, घरात ती मनू. सासूबाई आमच्याजवळ असतात. राहतो नेपियर टाउनला, आणि गोहलपुरात रुखसाना बाजी, म्हणजे रुखसानाताई, आणि मी मिळून सलवार सूट शिवायचा कारखाना चालवतो. कारखाना म्हणजे दोन खोल्या, शिलाई मशीनची रांग आणि कटिंगचं लांब टेबल. कारागीर आणि शिलाई बाजींकडे. डिझाइन आणि कटिंग माझ्याकडे. होतं, असं म्हणायला पाहिजे.

लाल कापड

सुरुवात डोळ्यापासून झाली. मनू तेव्हा लहान होती. एका सकाळी मी लाल जॉर्जेटचं थान उघडलं आणि कापडवाल्याला फोन करून भांडले, की रंग उडालेला माल पाठवला. बाजी म्हणाल्या, “अच्छा-ख़ासा लाल तो है.” मी एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा. उजव्या डोळ्याला लाल होतं. डाव्याला जुन्या विटेसारखं.

डोळ्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, डोळा चांगला आहे, डोळ्यामागची नस सुजली आहे, एमआरआय करा. एमआरआयची फिल्म घेऊन आम्ही मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ती उजेडावर लावली. काळ्या-करड्या मेंदूत पांढरे ठिपके होते, भिंतीवर चुना उडावा तसे. ते पेनाने एकेक ठिपका दाखवत होते आणि मी त्यांच्या टेबलावरच्या काचेखाली ठेवलेला कुणाचा तरी शाळेतला फोटो बघत होते.

विलासने विचारलं, “सर, ठीक हो जाएगा ना?”

“इसे हम सँभालेंगे,” डॉक्टर म्हणाले.

घरी येताना स्कूटरवर विलास मागे वळून वळून मला तेच सांगत होता. “सँभालेंगे म्हणाले. ठीक करेंगे नाही म्हणाले. तुझ्या लक्षात आलं का?”

घरी सासूबाईंना नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, “एमएस? हे तं डिग्रीचं नाव झालं बाप्पा.” आम्ही तिघंही हसलो. त्या दिवसातलं तेवढंच हसू.

मग भरती. सलाईनमधून स्टिरॉइड. वॉर्डात उजाडायच्या आधी फिनेलचा वास यायचा, मग बीपी बघायला सिस्टर, मग पाकासारखा गोड चहा, मग डॉक्टरांच्या राउंडची वाट. तोंडात सतत लोखंड चघळल्यासारखी चव. झोप नाही. विलास खुर्चीवर बसून डब्यातली पोळी मोडून मला भरवायचा, हात चांगले असूनही. तेव्हा आमच्यात काही बिनसलं नव्हतं. दिसेल असा आजार होता, आणि दिसणाऱ्या आजाराची काळजी कशी घ्यायची ते आमच्या घराला येत होतं.

डोळा परत आला, जवळजवळ पूर्ण. पायात मुंग्या राहिल्या. उन्हात पाय कापसाचे होतात. तेवढं सांभाळून मी पुन्हा कामाला लागले. लोक विचारायचे, “अब ठीक हो ना?” मी म्हणायचे, “हो, ठीक.” बरीच वर्षं ते खरंही होतं.

सगळ्या बाह्या डाव्या

आमच्याकडे कापड थरावर थर अंथरतात. सगळ्यात वरच्या थरावर पुठ्ठ्याचा नमुना ठेवून खडूने आखायचं, मग मशीनने सगळे थर एकदम कापायचे. नमुन्याला आम्ही फर्मा म्हणतो. वरच्या थरावर चूक झाली की तीच चूक खालपर्यंत जाते.

लग्नसराईचं काम होतं. कापडाच्या एकाच बाजूला छपाई होती, त्यामुळे सगळे थर सुलटे अंथरले होते. अशा वेळी एका बाहीचा फर्मा आखला की दुसऱ्या बाहीसाठी तो उलटा करून ठेवायचा असतो. हे मी झोपेत केलं असतं.

दुपारनंतर बाजींनी हाक मारली. “अर्चना जी, ज़रा इधर आना.”

टेबलावर बाह्यांची चळत होती. बाजींनी एक उचलून आपल्या दंडाला लावली, मग दुसरी.

“काय झालं?” मी विचारलं.

“सब बाएँ हाथ की हैं.”

मी पाहिलं. चूक झाली याची भीती मला नंतर वाटली. आधी वाटली ती वेगळीच. बाजी काय दाखवून राहिल्या आहेत तेच मला समजेना. बाहीची पुढची गोलाई आणि मागची गोलाई यांत फरक असतो, तो मी शेकडो मुलींना शिकवला असेल. त्या क्षणी तो नुसता कापडाचा तुकडा होता. बाजींनी बोट फिरवून दाखवलं तेव्हा कुठे ते हळूहळू उलगडलं, जसं कुणी दुसऱ्या गावाहून सांगत असावं.

“फ़ोन आ रहे थे आपको बार-बार,” बाजी म्हणाल्या. “मैं ही पंखे के नीचे बैठी रही. देख लेती.” त्यांनी अर्धी चूक स्वतःवर ओढून घेतली. तो माल आम्ही बिनबाह्यांचा करून दिला आणि व्यापाऱ्याने हूं की चूं केलं नाही. पण मी त्या दिवशी घरी जाऊन कुणाला सांगितलं नाही. मला वाटलं, झोप कमी पडली असेल.

आमच्या घरची भाषा

जबलपूरची मराठी घरं अर्धी हिंदीत बोलतात. आम्ही बाहेर हिंदी, आत मराठी, आणि उंबरठ्यावर दोन्ही. मनू तर मराठीत विचारलं की हिंदीतच उत्तर देते. अशा घरात एखादा शब्द अडला की दुसऱ्या भाषेतला घालून पुढे जाता येतं, कुणाला खटकत नाही.

माझं तसंच झालं. ‘परात’ आठवेना तर ‘वो थाली’. ‘उसवणं’ सापडेना तर ‘खोल दो’. मग हिंदीतलेही शब्द हरवायला लागले. मग ‘ते’, ‘वो’, ‘अरे तेच ना’. घरातल्या कुणाच्याच ध्यानात आलं नाही, कारण आम्ही सगळेच तसे बोलतो. फक्त सासूबाई एकदा पीठ मळता मळता म्हणाल्या, “अर्चना, तू हल्ली नावं काहून घेत नाहीस गं वस्तूंची?” मी हसून टाळलं. त्यांना जे दिसलं ते मला बघायचं नव्हतं.

जेवणाचं टेबल

मला सगळ्यात जड जाऊ लागलं ते रात्रीचं जेवण. कुकरची शिट्टी, टीव्ही, विलास गॅसच्या सिलिंडरबद्दल काही सांगतोय, सासूबाई भाजी वाढू का विचारताहेत, मनू कोचिंगमधली गंमत सांगतेय. कान ठणठणीत आहेत माझे. पण तिघांचे आणि टीव्हीचे आवाज एकमेकांत मिसळून यायचे आणि मी त्यांतलं एक वेगळं काढेपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असायचं. मी मागच्या प्रश्नाचं उत्तर आत्ता द्यायचे.

“मम्मी, वो तो कब का हो गया,” मनू म्हणायची, आणि सगळे हसायचे. वाईट हेतूने नाही. मग मी उत्तरं देणंच सोडलं. सगळे हसले की हसायचं, गप्प झाले की गप्प. हे करायलाही फार शक्ती लागते. जेवण आटोपलं की मी भांडीसुद्धा न उचलता जाऊन पडायचे.

विलासला वाटलं, मला घरात रस राहिला नाही. तसं तो बोललाही. “कारखान्यात तं दिवसभर बोलतेस. आमच्यासाठीच तोंड उघडत नाही तुझं.” कारखान्यातही मी बोलत नव्हते, पण ते त्याला कसं माहीत असणार? पुढे पुढे तो रागानेच बोलायला लागला. विजेचं बिल भर म्हणून सांगितलं होतं, आईचं औषध संपलं म्हणून सांगितलं होतं, सांगितलं होतं, सांगितलं होतं. एकदा म्हणाला, “नाटक करून राहिली का तू?” मी म्हणाले, “हो.” भांडायला शब्द जुळवावे लागतात. ‘हो’ म्हणणं सोपं होतं.

मग मनूच्या शाळेतली पालकांची सभा. तिच्या बाई म्हणाल्या, मनूने गणित सोडून बायोलॉजी घेतलं, तर घरून मदत होतेय ना? मी म्हणाले, “गणित सोडलं? मला कुणी सांगितलंच नाही.” बाईंनी मनूकडे पाहिलं. मनूने जमिनीकडे.

ऑटोत ती म्हणाली, “मम्मी, मैंने आपको बताया था. आप रोई भी थीं.”

मला काही आठवत नव्हतं. रडलेलंसुद्धा नाही. घरी पोचल्यावर ती पुन्हा म्हणाली, “आप पीली चादर पर बैठी थीं, मेरा हाथ पकड़ के बोलीं कि जो मन है वो कर.” तेव्हा तुकड्यातुकड्याने यायला लागलं. पिवळी चादर. तिच्या हातावरची पेनाची शाई. कुठे तरी होतं ते माझ्यात. पण एकटीने जाऊन मला ते आणता येत नव्हतं.

मनूने ते आपल्या बाबांना सांगितलं. मी आतल्या खोलीत होते. ती रडत सांगत होती आणि पहिल्यांदाच विलासचा आवाज आला नाही.

पास-नापास

मेंदूचे डॉक्टर दर वेळी विचारायचे, डोळा कसा आहे, पाय कसे आहेत, लघवीचा त्रास नाही ना. त्या दिवशी मी काही बोलायच्या आतच विलास म्हणाला, “सर, इसका दिमाग़...” आणि थांबला. ते वाक्य त्याने पूर्ण केलं नाही, पण अर्धं ऐकूनही मला खुर्चीतून उठून जावंसं वाटलं.

डॉक्टरांना आश्चर्य वाटलं नाही. ते म्हणाले, हे या आजारात होतं, बऱ्याच जणांना होतं, याची तपासणी असते. मला त्यांचा राग आला. माहीत होतं तर आधी का नाही विचारलं? मग वाटलं, बाहेर बाकावर किती लोक वाट पाहून राहिले आहेत. राग धरून ठेवायलाही मला जमत नाही आताशा, तो निसटतो.

तपासणी करणाऱ्या मॅडम तरुण होत्या. त्यांनी विचारलं, “हिंदी में करें?” मराठी त्यांना येत नव्हती. मी म्हणाले, करा. त्यांनी शब्द वाचून दाखवले, ते मी परत सांगायचे. मग कागदावर खुणा होत्या, प्रत्येक खुणेला एक आकडा, आणि खुणा बघून भराभर आकडे सांगायचे. सुरुवातीला मी मनात म्हटलं, हे तर पोरांचं काम. थोड्या वेळाने खुणा आणि आकडे सरमिसळ व्हायला लागले. मग त्या आकडे बोलायच्या आणि मी प्रत्येक नवीन आकडा आधीच्यात मिळवायचा. मी पहिली बेरीज करेपर्यंत त्या पुढच्यावर गेलेल्या. आयुष्यभर मापं जोडली आहेत मी. छाती, कंबर, उंची, शिलाईची मार्जिन. मला एकेरी आकड्यांची बेरीज येईना.

मी रडले. मोठ्याने रडले. मॅडमनी खिडकी लावली, पाण्याचा ग्लास पुढे केला. “रुकना है तो रुक जाते हैं. इसमें पास-फ़ेल नहीं होता.”

“मुझे तो लग रहा है फ़ेल हो गई,” मी म्हणाले.

दुसऱ्या खेपेला त्यांनी विलासलाही आत बोलावलं. म्हणाल्या, “इनकी समझ कहीं नहीं गई है. रफ़्तार कम हुई है. एक साथ दो काम आ जाएँ तो दोनों छूटते हैं. और थकान में सब बढ़ जाता है.”

विलासने विचारलं, “मतलब ये जान-बूझकर नहीं करती?”

त्याने खरंच असं विचारलं. मॅडम म्हणाल्या, “नहीं.”

मला एकच विचारायचं होतं. “मी माझ्या मुलीला विसरेन का?” मराठीतच निघून गेलं तोंडातून. पण त्यांना कळलं. त्या म्हणाल्या, म्हातारपणी लोक घरच्यांना ओळखेनासे होतात, तिथवर हा आजार सहसा पोचत नाही. “वादा नहीं कर सकती,” त्या म्हणाल्या, “पर वो डर दिन-रात साथ लेकर मत घूमिए.” खोटा धीर दिला नाही म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

परत येताना विलासने उसाच्या रसाच्या गाडीपाशी स्कूटर थांबवली. ग्लास हातात घेऊन उभा राहिला, प्यायला नाही. “मी इतके दिवस तुझ्यावर रागावूनच राहिलो,” तो म्हणाला. “कुणाला विचारलं काहून नाही मी?”

अशा वेळी बायकोने काही बोलायचं असतं. मला भयंकर झोप येत होती. मी म्हणाले, “घरी चला ना.” त्याने माझाही रस पिऊन टाकला आणि आम्ही घरी आलो.

शेजारचा पलंग

वर्षातून काही वेळा मला दिवसभर दवाखान्यात राहून सलाईनमधून औषध घ्यावं लागतं. तिथे गीताबाई भेटली. मझौलीची. तिथल्या बाजारात तिच्या घरचं भाजीचं दुकान आहे. तिला हाच आजार, पण तिचे पाय गेले आहेत. नवरा उचलून पलंगावर ठेवतो. ठेवलं की ती मोबाइलवर दुकान चालवते, कुठला टोमॅटो कुणाला द्यायचा, कालचा कोथिंबिरीचा भाव काय होता, कुणाची उधारी मागायची नाही कारण त्याच्या घरी बाळंतपण आहे, सगळं तोंडपाठ.

मला बघून म्हणाली, “तुम तो अच्छी-भली चल रही हो. तुमको काहे की सुई?”

मी सांगितलं. सांगताना दोनदा अडकले. ती ऐकत राहिली, मध्ये पडली नाही.

“हमको तो सब दया दिखाते हैं,” ती म्हणाली. “तुमको कौन दिखाता होगा?”

“कोई नहीं. डाँट पड़ती है.”

“अदला-बदली कर लें?”

आम्ही दोघी इतक्या हसलो की सिस्टर येऊन सलाईन बघून गेली. मनात मी खरोखरच हिशेब करून पाहिला, आणि तिनेही केला असणार. दोघींनीही आपापलंच ठेवलं.

मनूने माझ्याविषयी तिच्या मैत्रिणींना सांगणं बंद केलं होतं, हे मी गीताबाईला बोलून गेले. ती म्हणाली, “लिख दो सब. तुम लोग तो लिखते-पढ़ते हो. कोई पढ़ेगा तो अपनी औरत पे चिल्लाएगा नहीं.” म्हणून हे लिहायला घेतलं.

टेबल सोडलं तो उन्हाळा

निदान झालं की माणूस सुटतो असं वाटतं. थोडं सुटलेही. घरात टीव्ही बंद करून जेवायला सुरुवात झाली. विलास एक गोष्ट सांगतो, थांबतो, मग दुसरी. कधी विसरतो, ओरडतो, मग तोंड पाडून बसतो. सासूबाईंनी सगळ्यांना दम दिला, “तिला एकावेळी एकानेच विचारा रे, गर्दी काहून करता?” स्कूटर चालवणं मी स्वतःच सोडलं, चौकात सगळीकडून गाड्या येतात तेव्हा मला काही ठरवता येईना.

पण कटिंग सोडायची माझी तयारी नव्हती. डाव्या बाहीसाठी पांढरा खडू, उजव्यासाठी निळा. सकाळीच कापायचं. बाजी त्या वेळी कारागिरांचा रेडिओ बंद करायच्या. एक हंगाम निघाला तसा. मला वाटलं, जमलं.

मग उन्हाळा आला. नवतपा म्हणतात इथे, वर्षातले सगळ्यात जाळणारे दिवस. एमएसवाल्याला ऊन म्हणजे पाय तर जातातच, डोकंही विरघळतं. मी मानेवर ओला टॉवेल टाकून कापत होते. उजव्या हातात कटिंगची मशीन, डाव्याने कापड दाबलेलं. दारातून कुणीतरी बटणांविषयी विचारलं. मी उत्तर शोधू लागले. मशीन चालूच होती आणि माझा डावा हात तिच्या वाटेत होता. मला तो दिसत होता. तो माझा आहे आणि तो उचलायचा आहे, हे जोडलं जात नव्हतं.

मशीन बंद पडली. बाजींनी भिंतीतून प्लगच उपटला होता.

कुणाला काही लागलं नव्हतं. प्लग बाजींच्या हातातच होता. “आज से नहीं,” त्या म्हणाल्या.

“तुम्ही कोण ठरवणार? हे टेबल माझं आहे.”

“टेबल आपका है. हाथ भी आपका है.”

मी पर्स उचलून निघाले आणि बरेच दिवस गेलेच नाही. विलास म्हणाला, आता हिस्सा काढून घे, आराम कर. त्याचं म्हणणं प्रेमाचंच होतं, पण मी चव्वेचाळीस वर्षांची बाई, आराम करून काय करणार? पडून राहिले की डोकं ताजं होत नाही. ते नुसतं पडून राहतं.

शेवटी मीच बाजींना फोन केला. “कटिंगला मास्टर बघा एक.”

“देख लिया है,” त्या म्हणाल्या. “आपके फ़ोन का इंतज़ार कर रही थी.”

आता मुन्ना मास्टर कापतो. गुणगुणत कापतो, माझ्यापेक्षा भराभर. पहिल्या दिवशी मी पाठ करून बसले होते, तरी मशीनचा आवाज ऐकून कळत होतं की गळा झाला, आता खांदा. आताही ते ऐकवत नाही, पण उठून जात नाही. मी कोपऱ्यात डिझाइन काढते, पुठ्ठ्यावर नवे फर्मे करते. सकाळी करते. दुपारी घरी येते. मनू गुडघ्यावर पुस्तक ठेवून माझ्याजवळ पडते, काही बोलत नाही, मला ते पुरतं.

बरं होणार का, असं विचाराल तर नाही. आहे तिथे थांबावं म्हणून औषध आहे. कधी थांबतं, कधी नाही. मी थकलेली आहे. हा थकवा झोपेने जात नाही, आणि तो कुणाला दाखवता येत नाही. एवढंच सांगू शकते की नाव कळल्यानंतरचा थकवा आधीच्यापेक्षा बरा असतो. निदान तो लपवावा लागत नाही.

कटनीचे व्यापारी

मागच्या महिन्यात कटनीहून एक व्यापारी आले. नवीन कुर्त्याचं डिझाइन माझं होतं, म्हणून त्यांना समजावून सांगायचं काम बाजींनी माझ्यावर टाकलं. मी सकाळची वेळ मागितली होती. ते दुपारी आले.

मी बोलायला लागले. कापड असं पडेल, कमरेपाशी एवढी जागा, आणि खाली घेर येण्यासाठी दोन्ही बाजूंना आपण घालणार आहोत... शब्द नव्हता. त्रिकोणी लांब तुकडा असतो, वर अरुंद, खाली रुंद. हजारो शिवले आहेत. हिंदीत नाही, मराठीत नाही. खोलीत पंखा फिरत होता. व्यापाऱ्यांनी मोबाइल काढला. बाजी शेजारीच बसल्या होत्या, हात मांडीवर ठेवून, आणि समोर बघत होत्या.

मी “वो” म्हणाले. मग “वो जो लगता है”. मग थांबले. मुन्ना मास्टरनेसुद्धा गुणगुणणं थांबवलं.

शेवटी मी वर्तमानपत्राचा कागद ओढला, कात्री घेतली आणि तो तुकडा कापला. आणखी एक कापला. पुठ्ठ्याच्या फर्म्याला दोन्ही बाजूंनी चिकटवले आणि हवेत धरून फिरवलं. कागदाचा घेर उघडला.

“अच्छा, ये,” व्यापारी म्हणाले. “हाँ हाँ. ये चलेगा.” आधी म्हणाले होते त्यापेक्षा थोडा कमीच माल त्यांनी सांगितला. माझ्यामुळे कमी की बाजारामुळे, ते मला कळलं नाही, आणि मी विचारलं नाही.

घरी जायला ऑटो केला. डोळे मिटून बसले होते. घमापूरच्या गर्दीत ऑटो अडकला आणि कुठूनसा, कुणी न बोलावता, तो शब्द येऊन बसला. मी बाजींना फोन लावला.

“कली!” मी ओरडले. ऑटोवाल्याने आरशात पाहिलं.

“मिल गई?” बाजी म्हणाल्या.

“तुमको पता था?”

“अर्चना जी, बीस साल से कलियाँ ही तो सिल रही हूँ.”

“तो बोलीं क्यों नहीं?”

“आपने ही मना किया था. बोला था, मेरे मुँह में शब्द मत डालना, ढूँढने देना.”

मी तसं म्हटलं असणार. आठवत नव्हतं, पण ते माझंच बोलणं वाटत होतं.

“अगली बार बोल दूँ?” बाजींनी विचारलं.

ऑटो सुटला, थोडी हवा आत आली. मला विचार करायला वेळ लागला, आणि तिकडे बाजी फोन धरून होत्या.

“थोड़ी देर रुकना,” मी म्हणाले. “फिर बोल देना.”